विश्लेषण : विली ब्रांट यांनी वॉर्सात गुडघे का टेकले? एका कृतीने जर्मनीची आठवण कशी बदलली?

७ डिसेंबर १९७०. पोलंडची राजधानी वॉर्सा. पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट एका स्मारकासमोर उभे आहेत. पुष्पचक्र ठेवून झालं आहे. ब्रांट पुढे होऊन त्याची फीत नीट करतात आणि मागे सरकतात. आता मान लववायची, क्षणभर थांबायचं आणि गाडीकडे निघायचं, हा अशा कार्यक्रमांचा ठरलेला शिरस्ता. पण ब्रांट एकाएकी दोन्ही गुडघ्यांवर येतात. हात पुढे जुळलेले, नजर खाली. मागे उभ्या असलेल्या काहींना वाटतं, त्यांना भोवळ आली. काही सेकंदांनी ते उठतात आणि वळून चालू लागतात. त्यांनी एक शब्दही उच्चारलेला नसतो.

या काही सेकंदांचा फोटो आज जर्मनीत शालेय पुस्तकांमध्ये आहे. घटनेला ५० वर्षं झाली तेव्हा, २०२० मध्ये, जर्मनीने त्यावर दोन युरोचं नाणं काढलं. पण १९७० मध्ये परिस्थिती वेगळी होती. ब्रांट यांच्या स्वतःच्या देशात जवळपास निम्म्या लोकांना हा अतिरेक वाटला. पोलंडच्या सरकारने तो फोटो जनतेपर्यंत फारसा पोहोचू दिला नाही. आणि नाझींच्या गुन्ह्यासाठी ज्यांनी गुडघे टेकले, ते ब्रांट स्वतः हिटलरपासून जीव वाचवून पळालेले होते.

नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली, हे सत्य बदलत नाही. पण त्यातलं काय आठवायचं, कोणाचं दुःख पुढे ठेवायचं आणि कोणाचं मागे, हे प्रत्येक देशात त्या त्या वेळच्या नेत्यांनी ठरवलं. ते कसं ठरतं आणि त्याची किंमत काय असते, हे समजून घ्यायला ब्रांट यांचं आयुष्य उपयोगी पडतं.

ते स्मारक कोणाचं होतं?

जर्मनीने १९३९ मध्ये पोलंड जिंकला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४० मध्ये, वॉर्सातल्या ज्यूंना शहराच्या एका भागात भिंतीआड कोंडण्यात आलं. हेच वॉर्सा घेट्टो. चार लाखांहून अधिक माणसं तिथे दाटीवाटीने राहत होती. उपासमार आणि टायफसने हजारो माणसं गेली. १९४२ च्या उन्हाळ्यात, जेमतेम दोन महिन्यांत, सुमारे अडीच लाखांहून अधिक लोकांना रेल्वेच्या डब्यांत भरून ट्रेब्लिंका इथल्या मृत्युछावणीत नेण्यात आलं आणि विषारी वायूने मारण्यात आलं.

उरलेल्यांमधल्या तरुणांनी १९ एप्रिल १९४३ रोजी उठाव केला. हातात मोजकी पिस्तुलं आणि घरगुती बॉम्ब होते. तरीही ते जवळपास महिनाभर लढले. शेवटी नाझींनी एकेक इमारत जाळून सगळा परिसर जमीनदोस्त केला.

त्या ढिगाऱ्यांवर १९४८ मध्ये शिल्पकार नेथन रॅपोपोर्ट यांचं स्मारक उभं राहिलं. त्याला दोन बाजू आहेत. पुढच्या बाजूला शस्त्र घेतलेले लढवय्ये दिसतात. मागच्या बाजूला मान खाली घालून मृत्यूकडे चाललेली म्हातारी माणसं, बायका आणि मुलं आहेत. मारल्या गेलेल्यांपैकी बहुतेक जण या मागच्या बाजूचे होते, पण दर्शनी भाग मिळाला तो लढणाऱ्यांना. स्मारकाच्या दगडातही काय पुढे ठेवायचं याची निवड असते, ती अशी.

विली ब्रांट हे खरं नाव नव्हतं?

नव्हतं. १८ डिसेंबर १९१३ रोजी उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक या बंदराच्या शहरात त्यांचा जन्म झाला तेव्हा नाव होतं हर्बर्ट फ्राम. आई मार्था सहकारी भांडारात विक्रेती होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं. वडिलांना ब्रांट कधीच भेटले नाहीत. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे त्यांना वाढवलं ते मुख्यतः आजोबांनी. आजोबा कामगार चळवळीतले, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे एसपीडीचे कार्यकर्ते. घरात पैसा नव्हता, पण राजकारण भरपूर होतं.

हुशार असल्याने शिष्यवृत्ती मिळाली आणि ते शहरातल्या चांगल्या शाळेत गेले. पक्षाच्या स्थानिक वर्तमानपत्रात शाळकरी वयातच लिहू लागले. त्या पत्राचे संपादक युलियस लेबर त्यांचे मार्गदर्शक बनले. हेच लेबर पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिली.

देश का सोडावा लागला?

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. डाव्या कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. एसपीडी फारच मवाळ आहे, असं वाटल्याने १९ वर्षांचे हर्बर्ट तोवर एका छोट्या, अधिक कडव्या डाव्या पक्षात गेले होते. भूमिगत कामासाठी त्यांनी नवं नाव घेतलं, विली ब्रांट. एप्रिल १९३३ मध्ये मासेमारीच्या होडीतून लपून ते डेन्मार्कला आणि तिथून नॉर्वेला पोहोचले.

ऑस्लोमध्ये ते नॉर्वेजियन भाषा शिकले, पत्रकारिता करू लागले. १९३६ मध्ये नॉर्वेजियन विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर ते काही महिने बर्लिनमध्ये राहिले आणि भूमिगत गटांशी संपर्क ठेवला. पकडले गेले असते तर परत येणं कठीण होतं. पुढच्या वर्षी यादवी युद्धाचं वार्तांकन करायला ते स्पेनमध्ये गेले. १९३८ मध्ये नाझी सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं.

१९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवरही हल्ला केला. ब्रांट यांनी नॉर्वेजियन सैनिकाचा गणवेश अंगावर चढवला आणि युद्धकैदी म्हणून पकडले गेले. हा आपलाच फरारी आहे, हे जर्मनांच्या लक्षात आलं नाही. काही आठवड्यांनी सुटका झाली आणि ते स्वीडनला निसटले. नॉर्वेने त्यांना नागरिकत्व दिलं. युद्धाचा उरलेला काळ त्यांनी स्टॉकहोममध्ये लिखाण करत काढला.

परतल्यावर त्यांना कोणती जर्मनी दिसली?

१९४५ मध्ये ब्रांट जर्मनीत आले, पण स्कँडिनेव्हियन वर्तमानपत्रांचे वार्ताहर म्हणून. न्युरेंबर्गमध्ये नाझी नेत्यांवर खटला सुरू होता, त्याचं वार्तांकन त्यांनी केलं. छळछावण्यांचे पुरावे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

१९४६ मध्ये त्यांनी नॉर्वेजियन भाषेत एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो, गुन्हेगार आणि इतर जर्मन. सगळे जर्मन गुन्हेगार नव्हते, नाझींना विरोध करणारेही होते, असा त्याचा मुद्दा. मात्र गुन्हा सगळ्यांनी केला नसला तरी जबाबदारी सगळ्यांची आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे विरोधकांनी नावातले शब्द उलटे करून पसरवले. जर्मन आणि इतर गुन्हेगार असं पुस्तक या माणसाने लिहिलंय, असं मतदारांना सांगितलं गेलं. सोशल मीडिया यायला तेव्हा अर्धं शतक बाकी होतं.

१९४८ मध्ये ब्रांट यांनी जर्मन नागरिकत्व परत घेतलं. नॉर्वेतलं सुरक्षित आयुष्य सोडून ते उद्ध्वस्त बर्लिनच्या राजकारणात उतरले.

१९५० च्या दशकात जर्मनांना काय आठवत होतं?

मुख्यतः स्वतःचं दुःख. शहरं बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झाली होती. लाखो सैनिक रशियात कैदेत गेले होते. पूर्वेकडच्या प्रदेशांतून सुमारे एक कोटी २० लाख जर्मनांना घरदार सोडून पळावं लागलं होतं किंवा हाकलण्यात आलं होतं. हे दुःख खोटं नव्हतं. पण आपण दुसऱ्यांचं काय केलं, हा प्रश्न त्याखाली दबला.

पहिले चान्सलर कोनराड अडेनॉवर स्वतः नाझी नव्हते. उलट नाझींनी त्यांना कोलोनच्या महापौरपदावरून हटवलं होतं. सप्टेंबर १९५२ मध्ये त्यांनी इस्रायलशी करार केला. इस्रायलला तीन अब्ज मार्क आणि ज्यू संघटनांना ४५ कोटी मार्क द्यायचं ठरलं. हा निर्णय देशात लोकप्रिय नव्हता. संसदेत अडेनॉवर यांच्या आघाडीतल्याच अनेकांनी साथ दिली नाही आणि करार मंजूर होण्यासाठी विरोधी एसपीडीची मतं महत्त्वाची ठरली.

म्हणजे पैसे दिले गेले. पण त्याच काळात, १९५१ च्या कायद्याने, नाझी काळातल्या हजारो सरकारी अधिकाऱ्यांना पुन्हा नोकरीत घेण्यात आलं. अडेनॉवर यांच्या कार्यालयाचे प्रमुख हान्स ग्लोब्के यांनी १९३० च्या दशकात ज्यूविरोधी वंशकायद्यांवरचं अधिकृत भाष्य लिहिण्यात भाग घेतला होता. नवा देश उभा करायचा तर जुनी माणसं लागतील आणि फार खोदू नये, असा हा अलिखित समझोता होता.

कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत गोष्ट आणखी सोपी करून टाकली होती. आम्ही फॅसिस्टविरोधी, नाझी सगळे पश्चिमेत, अशी तिथल्या सरकारची मांडणी. १९५८ मध्ये बुखेनवाल्ड छावणीच्या जागी त्यांनी भव्य स्मारक उभारलं. त्यात नायक होते ते कम्युनिस्ट कैदी. ज्यू म्हणून मारल्या गेलेल्यांना तिथे फारशी जागा नव्हती.

हिटलरला विरोध केला, तर मतदार नाराज का?

ब्रांट १९५७ मध्ये पश्चिम बर्लिनचे महापौर झाले. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने शहराच्या मधोमध भिंत घालायला सुरुवात केली. ब्रांट जगभर ओळखीचा चेहरा बनले. त्याच वर्षी ते एसपीडीचे चान्सलरपदाचे उमेदवार होते.

भिंतीचं काम सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अडेनॉवर यांनी प्रचारसभेत त्यांचा उल्लेख ब्रांट ऊर्फ फ्राम असा केला. एका वाक्यात दोन घाव होते. एक, हा माणूस लग्नाशिवाय जन्मलेला. दोन, हा नाव बदलून परदेशात पळालेला. बव्हेरियाचे नेते फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांनीही ती १२ वर्षं ब्रांट बाहेर काय करत होते, असा जाहीर सवाल केला. ब्रांट यांनी परक्या देशाचा गणवेश घातला, हेही उगाळलं गेलं.

देशात राहून नाझींच्या सैन्यात लढले त्यांना असा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. देशाबाहेर राहून हिटलरला विरोध करणाऱ्याला मात्र खुलासे द्यावे लागत होते. लोकांना ब्रांट यांचा राग यायचं एक कारण असंही होतं की, विरोध करणं शक्य होतं हे त्यांच्या नुसत्या असण्याने दिसत होतं. १९६१ आणि १९६५, दोन्ही निवडणुका ते हरले.

मग वारं कधी फिरलं?

१९६० च्या दशकात. १९६१ मध्ये जेरुसलेममध्ये अडोल्फ आइशमनवर खटला चालला. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या रेल्वेगाड्यांचं नियोजन करणारा हा अधिकारी. साक्षीदारांच्या जबान्या जगाने ऐकल्या. १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफर्टमध्ये आउशविट्झ छावणीतल्या कर्मचाऱ्यांवर खटला झाला. सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर स्वतः ज्यू आणि निर्वासित राहिलेले होते. आता नवी पिढी आईवडिलांना प्रश्न विचारू लागली.

१९६६ मध्ये दोन मोठ्या पक्षांचं संयुक्त सरकार आलं. चान्सलर झाले कुर्ट गेओर्ग किसिंगर, जे १९३३ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते. परराष्ट्रमंत्री झाले ब्रांट. नाझी पक्षाचा माजी सदस्य आणि नाझींनी देशोधडीला लावलेला माणूस एकाच मंत्रिमंडळात. ब्रांट यांनी ही तडजोड स्वीकारली. सत्तेजवळ गेल्याशिवाय काही बदलता येणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. नोव्हेंबर १९६८ मध्ये बेआटे क्लार्सफेल्ड या तरुणीने भर अधिवेशनात किसिंगर यांच्या थोबाडीत मारली, तेव्हा त्या तडजोडीबद्दल तरुणांच्या मनात काय होतं ते देशाला दिसलं.

ऑक्टोबर १९६९ मध्ये ब्रांट स्वतः चान्सलर झाले.

वॉर्साला जायचं कारण काय?

पूर्वेकडच्या कम्युनिस्ट देशांशी बोलणी सुरू करायची, हे ब्रांट यांचं धोरण होतं. जर्मन भाषेत त्याला ओस्टपोलिटिक म्हणतात. ऑगस्ट १९७० मध्ये मॉस्कोत करार झाला. डिसेंबरमध्ये पोलंडची पाळी होती.

पोलंडशी करार करणं म्हणजे ओडर आणि नायसे या नद्यांची सरहद्द मान्य करणं. युद्धानंतर त्या रेषेच्या पलीकडचा जर्मन प्रदेश पोलंडकडे गेला होता. तिथून विस्थापित झालेल्या लाखो जर्मनांच्या संघटना पश्चिम जर्मनीत ताकदवान होत्या. त्यांच्या नजरेत ब्रांट घर विकायला निघाले होते. युद्ध जर्मनीने सुरू केलं आणि हरलं, जे गेलं ते हिटलरने गमावलं, हे मान्य करायला २५ वर्षांनीही अनेक जण तयार नव्हते.

ब्रांट यांच्यासमोर करारावर सही करणारे पोलंडचे पंतप्रधान युझेफ सिरांकिएविच स्वतः आउशविट्झचे कैदी राहिलेले होते. सहीआधी ब्रांट अज्ञात सैनिकाच्या समाधीवर गेले आणि मग घेट्टोच्या स्मारकावर. तिथे जे घडलं ते ठरवून केलेलं नव्हतं, असं त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं. जवळचे सहकारी एगॉन बार यांनाही कल्पना नव्हती. नुसती मान लववणं पुरेसं नाही असं त्या क्षणी वाटलं, एवढाच खुलासा ब्रांट यांनी केला.

जर्मनीत काय प्रतिक्रिया उमटली?

डेर श्पीगेल या साप्ताहिकाने लगेच जनमत चाचणी करून घेतली. ४८ टक्के लोकांना गुडघे टेकणं अतिरेकी वाटलं. ४१ टक्क्यांना योग्य वाटलं. ११ टक्क्यांनी मत दिलं नाही. म्हणजे आज जो प्रसंग राष्ट्रीय अभिमानाचा मानला जातो, त्याच्या बाजूने त्या दिवशी बहुमत नव्हतं.

विरोध दोन प्रकारचा होता. काहींना वाटलं, हा देशाचा अपमान आहे. काहींना वाटलं, कम्युनिस्ट देशात जाऊन इतकं वाकायची गरज नव्हती. चान्सलर हे पद आहे, ते गुडघ्यावर आलं की देश गुडघ्यावर येतो, अशी ही भावना होती. ब्रांट यांच्या कृतीला वजन आलं ते नेमकं त्यामुळेच. ते खासगी माणूस म्हणून गेले असते तर कोणाला काही वाटलं नसतं. शिवाय त्यांच्यावर वैयक्तिक दोष काहीच नव्हता. आपण केलं नाही तरी देशाने केलं त्याची जबाबदारी आपली, हे २४ वर्षांपूर्वी पुस्तकात लिहिलेलं त्यांनी पदावर असताना करून दाखवलं.

पोलंडने फोटो का लपवला?

हा भाग कमी सांगितला जातो. पोलंडमधल्या कम्युनिस्ट सरकारला जर्मन चान्सलरने सरहद्द मान्य केलेली हवी होती. ज्यूंच्या स्मारकासमोर गुडघे टेकलेले मात्र त्यांना अडचणीचे होते.

युद्धात पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मारले गेले. त्यातले जवळपास निम्मे ज्यू होते. युद्धाआधी तिथे सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते, त्यातले ३० लाखांच्या आसपास संपले. सरकारी इतिहासात मात्र हे सगळे एकत्र पोलिश बळी म्हणून मोजले जात. त्यात १९६८ मध्ये सत्ताधारी पक्षानेच ज्यूविरोधी मोहीम चालवली होती. उरल्यासुरल्या ज्यूंपैकी १० हजारांहून अधिक लोकांना देश सोडावा लागला. त्याला तीन वर्षंही झाली नव्हती आणि जर्मन चान्सलर वॉर्सात येऊन मेलेल्या ज्यूंना स्वतंत्रपणे मान देत होता.

त्यामुळे बहुतेक पोलिश वर्तमानपत्रांनी गुडघ्यावरचा फोटो टाळला. यिडिश भाषेतल्या फोल्क्सश्टिमे या पत्राने तो छापला, पण तो वाचणारे आता उरले होते किती? पुढे अनेक वर्षं कित्येक पोलिश नागरिकांना हा प्रसंग नीट ठाऊक नव्हता.

सामान्य पोलिश माणसाची एक तक्रार मात्र समजण्यासारखी होती. १९४४ मध्ये वॉर्सात दुसरा उठाव झाला होता, पोलिश भूमिगत सेनेचा. त्यातही प्रचंड संख्येने नागरिक मारले गेले आणि शहर उद्ध्वस्त झालं. त्यांच्यासाठी जर्मन नेता कधी झुकणार? त्याचं उत्तर मिळायला १९९४ उजाडलं. त्या वर्षी जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्झोग यांनी वॉर्सात उठावाच्या ५० व्या स्मरणदिनी क्षमा मागितली.

ब्रांट यांचं पुढे काय झालं?

१९७१ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. देशात मात्र खुर्ची डळमळत होती. एप्रिल १९७२ मध्ये विरोधकांनी अविश्वास ठराव आणला. तो मंजूर व्हायला २४९ मतं हवी होती, पडली २४७. विरोधी बाकांवरच्या एका खासदाराला पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने पैसे दिले होते, हे नंतर उघड झालं. मे महिन्यात पूर्वेकडचे करार मंजूर झाले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ९१ टक्के मतदान झालं आणि एसपीडीला ४५.८ टक्के मतं मिळाली. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या कृतीवर देश दुभंगला होता, त्यांनाच मतदारांनी कौल दिला.

जून १९७३ मध्ये ते इस्रायलला गेले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिले पश्चिम जर्मन चान्सलर. पण वर्षभरात सगळं कोसळलं. त्यांचे निकटचे सहायक ग्युंटर गियोम पूर्व जर्मनीचे हेर निघाले आणि मे १९७४ मध्ये ब्रांट यांनी राजीनामा दिला. ज्या गुप्तहेर खात्याने दोन वर्षांपूर्वी त्यांची खुर्ची वाचवायला हात लावला होता, त्याच्याच माणसामुळे ती गेली.

पुढे ते गरीब आणि श्रीमंत देशांमधल्या दरीचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर लक्ष्मीकांत झा या आयोगावर भारतातून सदस्य होते. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडलेली ब्रांट यांनी पाहिली. ८ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

एका कृतीने आठवण खरंच बदलते का?

एका दिवसात नाही. गुडघे टेकल्यामुळे जर्मनी जागी झाली, असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं आहे. १९७९ मध्ये हॉलोकॉस्ट ही अमेरिकी मालिका पश्चिम जर्मनीत दाखवली गेली. ती कोट्यवधी लोकांनी पाहिली आणि घराघरात चर्चा झाली. त्याच वर्षी संसदेने हत्येच्या गुन्ह्यावरची कालमर्यादा उठवली, म्हणजे नाझी खुन्यांवर कधीही खटला चालवता येणार होता. १९८२ मध्ये चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी सिंती आणि रोमा समाजाचाही नरसंहारच झाला होता, हे अधिकृतपणे मान्य केलं. १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड फॉन वाइत्सेकर यांनी ८ मे हा दिवस पराभवाचा नव्हे तर नाझी जाचातून सुटकेचा मानावा, अशी मांडणी संसदेत केली. १९९६ पासून २७ जानेवारी हा स्मरणदिन झाला. २००५ मध्ये बर्लिनच्या मध्यभागी, २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं ज्यूंचं स्मारक खुलं झालं.

या साखळीत ब्रांट यांची कृती सुरुवातीच्या कड्यांपैकी एक आहे. अडेनॉवर यांनी भरपाई दिली होती. पण पैशाचा व्यवहार कार्यालयात होतो, त्याचा फोटो लोकांच्या मनात राहत नाही. ब्रांट यांनी देशाला त्याने मारलेल्या माणसांसमोर आणून उभं केलं. नंतर आलेल्या प्रत्येक जर्मन नेत्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्या फोटोशी स्वतःची तुलना होणार हे गृहीत धरावं लागलं.

याची दुसरी बाजूही आहे. फोटो प्रसिद्ध झाला की तो सोयीचाही होतो. आमच्या चान्सलरने गुडघे टेकले होते, असं म्हणून विषय संपवता येतो. निम्मा देश तेव्हा चिडला होता, ज्यांनी टेकले त्यांना आधी गद्दार ठरवलं गेलं होतं, हे मग गाळलं जातं. आठवणीचीही कापाकापी होते. पोलंडच्या सेन्सॉरने ती उघडपणे केली, जर्मनीत ती हळूहळू, कौतुकाच्या ओघात झाली.

डिसेंबर २००० मध्ये, ३० वर्षांनी, वॉर्सातल्या त्या स्मारकाजवळच्या चौकाला विली ब्रांट यांचं नाव देण्यात आलं. जर्मन चान्सलर गेरहार्ड श्र्योडर आणि पोलंडचे पंतप्रधान येझी बुझेक तिथे हजर होते. चौकात विटांचं एक छोटं स्मारक आहे. त्यावरच्या ब्राँझच्या फलकावर गुडघ्यावर आलेले ब्रांट दिसतात. समोर आता पोलंडमधल्या ज्यूंच्या हजार वर्षांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. पोलंडच्या शाळकरी मुलांच्या सहली तिथे येतात आणि त्यांच्या आजीआजोबांना वर्तमानपत्रात जो फोटो दिसला नव्हता, तो पाहून जातात.